शनिवारी पाणी थंड असेल

"शनिवारी बाळाला पोहायला नेऊ नका, ताई," सेक्रेटरीकाका गुरुवारी फोनवर म्हणाले. "पाणी थंड असेल."

तिने फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरला होता आणि दोन्ही हातांनी ठमीच्या तोंडातला मोजा सोडवत होती. नऊ महिन्यांच्या मानाने ठमीच्या हिरड्यांत भलतीच ताकद होती.

"काका, तिथलं पाणी गरम केलेलं असतं. बाळांच्या तलावातलं तर जरा जास्तच."

"तरी पण."

"तरी पण काय? यंत्र बिघडलंय का? धाकट्याने काही सांगितलं नाही मला."

 पलीकडे कोणीतरी दार उघडल्यासारखं वाटलं आणि काकांचा आवाज एकदम ऑफिसचा झाला. "बरं बरं, साहेबांच्या कानावर घालतो," असं काहीतरी म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मोजा सुटला. ती हसली. काका म्हणजे चालतंबोलतं काळजीचं दुकान. आकाश स्वच्छ असतानाही छत्री घेऊन फिरणारे. ती शाळेत होती तेव्हापासून ते बाबांच्या ऑफिसात होते. धाकट्याला, तिच्या भावाला, बुटाची नाडी बांधायला त्यांनीच शिकवलं होतं, कारण बाबा दौऱ्यावर असायचे आणि आईचा संयम सुटायचा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. साहेबांच्या वेळापत्रकात काकांच्या लग्नाला तारीखच मिळाली नाही, हा घरातला जुना विनोद होता. काका त्यावर दर वेळी तितकंच हसायचे.

शिवाय काळजीच्या बाबतीत आपल्यापेक्षा वरचढ कोणी असू शकतं, हे तिला मान्य नव्हतं. द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी ती. बाळ झोपलं की नाकाशी बोट धरून बघणारी ती. घरातले सगळे प्लग तिने चिकटपट्टीने बंद केले होते. तिच्या नवऱ्याला, तो महिन्याकाठी पुलाच्या कामावरून घरी आला की, फोन चार्ज करायला जागा शोधावी लागायची. पाणी थंड असतं, तर ते काकांच्या आधी तिला कळलं असतं.

तिने पोहण्याच्या पिशवीत दोन टॉवेल जास्तीचे टाकले आणि ती काकांचं बोलणं विसरून गेली.

*

बाळांच्या तलावावर वाफेचा हलका पडदा असायचा. धाकटा कंबरभर पाण्यात मधोमध उभा होता आणि त्याच्याभोवती आया आणि दोन-तीन बाप आपापली बाळं धरून वर्तुळ करून होते. पोहायला शिकवायला लागल्यापासून त्याचा आवाज पाण्यावरून घसरत येणारा, मोकळा झाला होता.

"एक नियम. कोणता?"

"हात सोडायचा नाही," जुळ्यांची आई, ती नर्स होती, कंटाळून म्हणाली.

"कोणाचा हात?"

"आई-बापाचा. सर, आता बाळंसुद्धा म्हणतील."

त्याची पद्धत अशी होती. आधी बाळाच्या तोंडावर फुंकर मारायची. फुंकर लागली की बाळ दचकून श्वास रोखतं, डोळे मिटतं. नेमक्या त्या क्षणी त्याला पाण्याखाली न्यायचं आणि लगेच वर. काखेत हात शिकवणाऱ्याचे, पाठीखाली तळवा आई-बापाचा. तो तळवा सुटला तर धाकटा तिथल्या तिथे थांबायचा. बाळ एकट्या शिकवणाऱ्याच्या हातात राहिलंय, असं त्याच्या वर्गात एकदाही झालं नव्हतं.

ठमीची पाळी आली. त्याने फुंकर मारली. ठमीने चेहरा आक्रसला, ती खाली गेली, वर आली आणि रडावं की हसावं याचा विचार करत मामाकडे बघत राहिली.

"हिचा चेहरा बघ," धाकटा म्हणाला. "बाबांसारखा. सभागृहात प्रश्नोत्तरांच्या तासाला असतो तसा."

ती इतकी हसली की तिच्या नाकात पाणी गेलं. वरच्या गॅलरीत बसलेल्या लोकांकडे तिचं लक्ष नव्हतं.

धाकट्याने घरात सांगितलं, तेव्हा तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. आपल्याला मुलगे आवडतात, आणि हे तात्पुरतं नाही. बाबा हातातलं वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले होते, "ठीक आहे. बाहेर बोलू नकोस." धाकटा त्याच आठवड्यात बाहेर बोलला. एका मुलाखतीत, स्वतःच्या नावाने, हसऱ्या फोटोसकट. परंपरेच्या पक्षाचा सगळ्यात कडक आवाज म्हणजे बाबा, आणि त्यांचाच मुलगा. चार महिने वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून बाबा भाषणांत "माझी मुलगी" म्हणत. "माझी मुलं" म्हणणं त्यांनी सोडून दिलं. धाकटा आता एका चष्मेवाल्याबरोबर, चष्म्यांचं दुकान असलेल्या माणसाबरोबर, राहायचा. त्या दोघांचं घर तिच्या घरापेक्षा नीटनेटकं होतं, याचा तिला किंचित राग होता.

*

रविवारी सकाळी नवऱ्याचा फोन आला. "पेपरातला फोटो बघितलास?"

फोटोत ठमी पाण्याखाली होती. केस वर तरंगलेले, डोळे मिटलेले, आणि तिच्या काखेत धाकट्याचे दोन हात. फक्त तेच. वर मोठ्या अक्षरांत, साहेबांची नात कोणाच्या हाती? खाली बाबांच्या येऊ घातलेल्या कायद्याची आठवण. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला चारित्र्याचा दाखला लागेल, आणि असा दाखला धाकट्यासारख्यांना मिळणार नाही, हे कायद्यात न लिहिता प्रत्येक भाषणात सांगितलं जात होतं.

दुपारपर्यंत ज्यांना तिने जन्मात पाहिलं नव्हतं, अशी हजारो माणसं तिच्या मुलीची काळजी करू लागली. बिचारं बाळ. आई कुठे होती? आईला लाज नाही का? एकाने तर डॉक्टरच्या थाटात लिहिलं होतं की बाळाचा चेहरा भेदरलेला आहे. ती ते वाचत होती तेव्हा भेदरलेलं बाळ चमच्याने टेबल बडवत होतं.

संध्याकाळी तलावाच्या व्यवस्थापकाने धाकट्याला कळवलं, चौकशी होईपर्यंत वर्ग बंद.

*

बाबा सोमवारी तिच्या घरी आले. बरोबर प्रचारप्रमुख होती, तिच्याच वयाची, बोलताना माणसाकडे न बघता फोनकडे बघणारी. सगळ्यांच्या मागून काका आत आले आणि त्यांनी आवाज न करता दार लावून घेतलं. बसा म्हटल्याशिवाय ते बसत नसत. बाबांच्या खुर्चीमागे, एक पाऊल डावीकडे, ते उभे राहिले.

बाबांनी ठमीला उचललं. उठून तिने बाबांच्या कोपराखाली एक उशी सरकवली.

"अगं, तुम्हा दोघांना मीच वाढवलंय."

"आईने वाढवलंय. तुम्ही दौऱ्यावर होतात."

बाबांनी उशीकडे बघितलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचा विषय निघाला की ते अजून नजर खाली घालायचे.

"मॅडम, तुमचा फार वेळ घेत नाही," प्रचारप्रमुख म्हणाली. "फक्त दोन वाक्यं आहेत. मी बाळ भावाकडे सांभाळायला दिलं होतं. तो तिला तलावावर नेणार आहे, हे मला माहीत नव्हतं. बस. तुम्हाला कोणी दोष देणार नाही. उलट आई म्हणून सगळे तुमच्या मागे उभे राहतील."

"आणि त्याच्या मागे?"

"त्यांचं काय, ते तर..." तिने शब्द शोधला. "उघडच आहेत."

"या दोन वाक्यांनी तो बाळ पळवणारा ठरतो."

"कोणी तक्रार करणार नाहीये," बाबा म्हणाले. "मी बघतो ना ते."

"त्याची नोकरी जाईल."

"दुसरी शोधेल. हातपाय धड आहेत त्याचे."

"तुमच्या कायद्यानंतर कोणती शोधेल? दुसरं काय येतं त्याला? त्याला पाण्यात उभं राहून बाळांना पोहायला शिकवता येतं, बाबा. तेवढंच येतं, आणि ते फार छान येतं."

बाबा ठमीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. ते वाईट माणूस नव्हते, हे तिला त्या क्षणीही माहीत होतं, आणि त्यानेच सगळं अवघड झालं होतं. त्यांना खरोखर वाटत होतं की या वाक्यांनी कोणाचं काही बिघडणार नाही. धाकट्याचं बिघडायचं ते सहा वर्षांपूर्वीच बिघडून झालं, असा त्यांचा हिशेब होता.

तिने फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. "हा डावीकडून कापलाय. इथे माझा हात होता, तिच्या पाठीखाली. तो हात नसेल तर धाकटा फुंकरसुद्धा मारत नाही."

"फोटो वर्तमानपत्राने छापलाय. आमचा काय संबंध?" बाबा म्हणाले.

ती सवयीने सगळ्यांचे चेहरे बघत होती. बाळ झाल्यापासून ही सवय लागली होती. खोलीत कोण कुठे आहे, कोणाच्या हातात काय आहे. बाबांच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. प्रचारप्रमुखने फोनची काच अंगठ्याने पुसली. काका खिडकीबाहेर बघत होते, जिथे समोरच्या भिंतीशिवाय बघण्यासारखं काहीही नव्हतं.

शनिवारी पाणी थंड असेल.

 म्हणजे फोटोचं गुरुवारीच ठरलं होतं. ऑफिसातच. आजोबांच्या डोळ्यांत पाणी, नात संकटात, म्हणून कायदा हवा. बाबांना विचारलंही नसेल. त्यांना नुसतं दुखावून ठेवलं की पुढचं ते मनापासून बोलतात.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

निघताना काकांनी ठमीला बाबांकडून घेतलं. तिचा एक मोजा निसटला होता. त्यांनी तो चढवला, घोट्यावर नीट दुमडला, मग पुन्हा एकदा दुमडला. "थंडी आहे," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. तिला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण दारात प्रचारप्रमुख उभी होती, आणि ती फक्त "हो, काका" म्हणाली.

*

"बाबांना सांग," धाकटा फोनवर म्हणाला, "मला बाळ पळवायचंच असतं तर जरा शांत बाळ पळवलं असतं."

"हसू नकोस."

"मग काय करू? सहा वर्षं रडून बघितलं, त्याने चष्मेवाल्याचे रुमाल तेवढे संपले." मग त्याचा आवाज बदलला. "ताई, ऐक. शनिवारी मी तिकीट काढून जाणार आहे. इतरांसारखा. पाण्यात उतरायला मला कोण अडवणार? तू ठमीला घेऊन ये, हवं तर. कॅमेरे असतील. पण बोलू नकोस. कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाहीये. पाण्यात उतर, बस. त्यांना काय दिसायचं ते दिसेल."

"मी कशाला बोलतेय?"

"तू आहेस म्हणून सांगतोय."

गुरुवारच्या फोनबद्दल तिने त्याला सांगितलं नाही. तो हुकमाचा पत्ता होता. तिने तो जवळच ठेवला.

*

शनिवारी तलावाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ठमी तिच्या छातीशी बांधलेली होती आणि एका माइकवरचं केसाळ आवरण तोंडात घ्यायची धडपड करत होती. धाकटा दाराशी थांबला होता, खांद्यावर टॉवेल, तोंडावर बोट. गप्प, तो नजरेने सांगत होता.

तिचा गप्प राहायचाच विचार होता. चार पायऱ्या तशाच चढलीही.

"मॅडम, आई म्हणून तुम्हाला बाळाला धोका वाटत नाही?"

ती थांबली.

"वाटतो ना," ती म्हणाली. "जिन्याचा वाटतो. द्राक्षांचा वाटतो. प्लगचा वाटतो. ती झोपली की मी नाकाशी बोट धरून बघते. मला माझ्या वडिलांच्या हातात तिला देतानाही उशी लागते. माझ्याइतकी भित्री आई तुम्हाला शोधून सापडणार नाही. आणि मी तिला दर शनिवारी याच्या हातात देते."

माइक जवळ आले.  इतके दिवस जी उत्तरं तिने गिळली होती, ती आता सरळ रांगेत उभी होती.

"आणि या फोटोत माझा हात होता. तो कोणी कापला, ते विचारा. आणखी एक विचारा. गुरुवारी मला फोन आला होता. शनिवारी बाळाला नेऊ नका म्हणून. माझ्या वडिलांच्या ऑफिसातून. फोटो निघणार आहे, हे त्या ऑफिसात दोन दिवस आधी कसं माहीत होतं, ते आधी विचारा. मग माझ्या मुलीची काळजी करा."

 सगळे एकदम बोलू लागले. तिने वळून धाकट्याकडे बघितलं. त्याने बोट तोंडावरून खाली घेतलं होतं. त्याचा चेहरा तिला वाटला तसा खूश नव्हता. पण गर्दीचा रेटा आला आणि ते दोघे आत ढकलले गेले.

आत नर्स तिच्या जुळ्यांना घेऊन आधीच पाण्यात होती. आणखी चार-पाच जणी होत्या, एक बाप होता.

"वर्ग रद्द झाल्याचा निरोप आला होता म्हणे," नर्स म्हणाली. "आमच्याकडे निरोप वाचायला वेळ कोणाला असतो?"

व्यवस्थापक काठावर घुटमळत होता. "हे बघा, तुम्हाला शिकवता येणार नाही."

"शिकवत नाहीये," धाकटा पाण्यात उतरत म्हणाला. "मी नुसता मोठ्याने पोहतोय."

तो मोठ्याने पोहला. आयांनी ऐकून ऐकून केलं. गॅलरीतून कॅमेरे खाली रोखलेले होते. ठमीची पाळी आली तेव्हा तिने आपला तळवा मुद्दाम मध्यभागी, बोटं पसरून धरला, फोटो कोणत्याही बाजूने कापला तरी उरेल असा. धाकट्याने फुंकर मारली. ठमी खाली गेली आणि डोळे उघडे ठेवूनच वर आली. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आल्यासारखी.

गॅलरीत कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी.

*

तिचं ते बोलणं आठवडाभर जिकडेतिकडे वाजत होतं. अनोळखी बायका दुकानात थांबवून तिचा हात दाबायच्या. एकीने द्राक्षांची परडी तिच्या हातात दिली, चार तुकडे करून द्या हं, म्हणून. कायदा "अधिक अभ्यासासाठी" परत गेला. प्रचारप्रमुखला दुसऱ्या कुठल्या तरी कामाला लावलं. व्यवस्थापकाने धाकट्याला स्वतः फोन करून विचारलं की शनिवारचे दोन वर्ग घेता येतील का, लोक फार विचारतायत.

काकांना हे सांगावं म्हणून तिने फोन लावला. तो बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद होता. ऑफिसात लावला तर एका नव्या, तरुण आवाजाने सांगितलं, "ते आता इथे नसतात."

मग तिने बाबांना फोन केला.

"मी काढलं नाही त्याला," बाबा म्हणाले. "त्याने आपणहून किल्ल्या टेबलावर ठेवल्या. ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचा, तीही झाडूनपुसून रिकामी करून गेला."

"पण मी नाव घेतलं नव्हतं."

"तू ऑफिस म्हणालीस. ऑफिसात तुझा नंबर पाठ असलेला एकच माणूस होता."

ती भिंतीला टेकली. ठमी तिच्या पायाशी बसून पिशवीतले टॉवेल एकेक करून बाहेर फेकत होती.

"मी विचारलं, का केलंस," बाबा म्हणाले. "पंचवीस वर्षं माझ्या मागे उभा राहिलास, मला सांगायचं ना. तर म्हणाला, साहेब, बाळाला थंडी वाजली असती. आता ऑफिसात त्याच्याबद्दल काहीबाही बोलतात. तो गेल्यावर तोंडं सुटली सगळ्यांची. तुला कदाचित माहीत असेल. मला नव्हतं."

"काय बोलतात?"

  बाबांनी उलट विचारलं, "ठमी डोळे उघडे ठेवून वर आली ना? मी पाहिलं," आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी धाकटा आणि चष्मेवाला तिच्याकडे आले. चष्मेवाला कमी बोलायचा. लोकांच्या डोळ्यांत दिवसभर जवळून बघावं लागतं, म्हणून घरी तो टेबलाकडे बघत बसायचा. तिने सगळं सांगितलं तेव्हा धाकट्याने ठमीला मांडीवर घेतलं. पायऱ्यांवरचा त्याचा चेहरा तिला आता कळला.

"काकांबद्दल तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"अंदाज होता. मी मुलाखत दिली ना, त्या दिवशी त्यांनी मला एक छत्री आणून दिली होती. लख्ख ऊन होतं बाहेर. म्हणाले, असू दे, लागेल." तो ठमीच्या मोज्याशी खेळत होता. "त्यांच्या लग्नाचा विनोद घरात कोण करायचं, आठवतं?"

"मी."

"मी पण."

चष्मेवाल्याने घसा साफ केला. "ते माझ्याकडे यायचे दर वर्षी. दोन चष्मे करून न्यायचे. एक त्यांचा. दुसरा वेगळ्याच नंबरचा, जाड काचांचा. तो माणूस डोळे तपासायला कधी आला नाही. काका त्याचा जुना चष्मा रुमालात बांधून आणायचे आणि म्हणायचे, याच्यासारखाच द्या, फक्त दांड्या मऊ असू देत, त्याच्या कानामागे लागतं." त्याने टेबलावरचा एक कण बोटाने उचलला. "मी कधी विचारलं नाही कोणाचा."

"आणि आता?"

"तीन वर्षं झाली. एकच नेतात."

तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं. खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांच्या गाड्यांपर्यंत सगळं काकांनी पाहिलं होतं, आणि सगळं आटोपल्यावर तिनेच भर मांडवात, सगळ्यांसमोर त्यांना विचारलं होतं, "काका, आता तुमचं कधी?" लोक हसले होते. काकाही हसले होते, दर वेळी हसायचे तितकंच.

ती उठून खिडकीशी गेली. समोर भिंत होती. तिला पायऱ्यांवरचे आपले शब्द एकेक करून आठवत होते, आणि त्यातला एकही परत घ्यावा असं तिला वाटत नव्हतं. पुन्हा तसंच मोठ्याने बोलायला ती तयार होती, बाबांसमोर, कोणाहीसमोर. फक्त ऑफिस हा एक शब्द तिने गिळला असता.

*

तेव्हापासून ती काकांना शोधते आहे. धाकट्याच्या वर्गातल्या आया शोधतात, नर्स तिच्या रुग्णालयात नजर ठेवून असते, चष्मेवाल्याने गावोगावच्या दुकानदारांना काकांच्या डोळ्यांचा नंबर कळवून ठेवला आहे. ती आता दबक्या आवाजात विचारत नाही, आणि का शोधतेस असं कोणी विचारलं तर तेही सांगते. पण एवढी माणसं कुठे पुरणार? म्हणून ती तुम्हालाही विचारते आहे.

तुमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत, इतक्यात कोणी एकटा माणूस राहायला आला आहे का? उंच आहे, किंचित वाकलेला. कोणाबरोबरही चालताना एक पाऊल मागे, डावीकडे चालतो. बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. ऊन असलं तरी हातात छत्री असते. फार बोलणार नाही, सगळं ठीक आहे म्हणेल, आणि तुम्ही काही विनोद केलात तर अगदी बेताने हसेल. त्या हसण्यावर जाऊ नका.

त्याचं दार वाजवा. जेवलात का, विचारा. आणि ताईचा निरोप आहे म्हणावं, शनिवारी पाणी गरम असतं.